अर्ध्या शब्दावर शिवलेला कावळा

यज्ञेश्वरभटांनी मुक्ताबाईला पहिल्यांदा पाहिलं ते लोणकर कारभाऱ्यांच्या दारात, पालथ्या हंड्यावर हातोडा हाणताना.

भट सकाळच्या पूजेला निघाले होते. देवडीवरचा दत्तोबा तिला समजावत होता, "अगं, पंत निजलेत."

"म्हणून तर उठवतेय," ती म्हणाली आणि पुन्हा ठणाठण सुरू झालं. कसब्यातल्या तांबटाची ती विधवा, भट्टी स्वतः चालवणारी. तिचा हात हलका कसा असणार? शेवटी भिकाजीपंत लोणकर पगडी सावरत बाहेर आले. तीन पेशव्यांचा कारभार पाहिलेला माणूस, पण हंड्यापुढे हरला.

"काय हवंय, मुक्ताबाई?" तिचं नाव त्यांना कसं ठाऊक, याचं भटांना नवल वाटलं नाही. पंतांना अख्ख्या पुण्याची नावं ठाऊक असत.

"पाणी हवंय. गावाचे हंडे आम्ही घडवायचे आणि आमचेच कोरडे. कात्रजचं पाणी नळानं कुठं कुठं पोचलं. आमच्या आळीत एक हौद बांधून द्या."

पंत गोड हसले. म्हणाले, "पाहू."

या एका शब्दावर पंतांनी उभी कारकीर्द काढली होती. त्यांच्या तोंडून 'नाही' कुणी ऐकलं नव्हतं, आणि 'हो' ऐकलेलाही सहसा भेटत नसे. पण ते 'पाहू' इतक्या मायेनं म्हणत की माणूस काम झाल्यासारखा घरी जाई, शेजारीपाजारी साखर वाटी, आणि तिसऱ्या दिवशी कपाळावर हात मारी. मुक्ताबाईनं मात्र साखर वाटली नाही. ती दर संक्रांतीला पंतांना तिळगूळ द्यायला जाई आणि हौदाची आठवण करून येई. पंत तिच्या मुलाची चौकशी करत, तिळगूळ तोंडात टाकत आणि 'पाहू' म्हणत. तोवर आळीतल्या बायकांसह ती नदीवरून पाणी वाहत राहिली.

चैत्रात पंत गेले. बाजार बंद राहिले. ज्यांची कामं झाली होती ते रडले, ज्यांची राहिली होती ते जास्त रडले. आता कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

दहाव्या दिवशी ओंकारेश्वराच्या घाटावर ही गर्दी. भटांनी पिंड मांडला आणि सगळे मागे सरले. कावळा काही येईना. नदीकाठच्या पिंपळावर कावळ्यांचा दरबार भरला होता, पण एकही खाली उतरायला तयार नाही. मृताची एखादी इच्छा राहिली असली की असं होतं. मग जवळच्यांनी ती पुरी करण्याचा शब्द द्यायचा, आणि पिंडापुढे दिलेला शब्द मोडायचा नसतो.

पंतांचे चिरंजीव चिंतोपंत हात जोडून म्हणाले, "बाबा, नातवाची मुंज थाटात करू." कावळे ढिम्म. "सासवडचा मळा विकणार नाही." एका कावळ्यानं पाठ फिरवली.

मग हिंदुराव पुढे झाले. हे सरदार जन्मभर पंतांशी भांडलेले. ते गंभीरपणे म्हणाले, "पंत, आपल्याविषयी जे जे वाईट बोललो, ते मनापासून मागे घेतो." यावर निम्मे कावळे उडून पलीकडच्या काठावर गेले.

गर्दीत कुणीतरी खोकल्याचं निमित्त करून हसलं.

ऊन चढत चाललं. भट म्हणाले, "दर्भाचा कावळा करून लावू या का? शास्त्राला चालतं."

"शास्त्राला चालेल हो, पुण्याला चालेल का?" चिंतोपंत म्हणाले. "कारभारी अतृप्त गेले म्हणतील."

तेवढ्यात मागून आवाज आला, "कावळाही म्हणत असेल, पाहू."

मग काही धरबंध राहिला नाही. पागोटी हलू लागली, उपरणी तोंडात गेली, कारकून एकमेकांच्या पाठीआड लपले. भटांचा मंत्र मध्येच फुटला. सुतकात बुडालेले चिंतोपंतसुद्धा गुडघ्यात तोंड खुपसून गदगदत होते, आणि ते रडणं नव्हतं.

या गोंधळात डोक्यावर हंडा घेऊन मुक्ताबाई घाटावर उभी राहिली.

एक कारकून डोळे पुसत खेकसला, "बायकांनी इथं येऊ नये, कळत नाही?"

"पाणी आमच्या आळीत आणा, नाही येणार," ती म्हणाली. तिनं हंडा खाली ठेवला आणि पिंडाला लांबूनच नमस्कार केला. "पंत माणूस मोठा होता. कधी हिडीसफिडीस केलं नाही. त्यांच्या मनात आमचा हौद होता. चिंतोपंत, तेवढं बोला."

"बाई, पा..."

"ते नको."

घाटावर आता कुणी हसत नव्हतं. चिंतोपंतांनी पिंपळाकडे पाहिलं, घाम पुसला आणि हात जोडले. "बाबा, तांबटआळीत हौद बां..."

कावळा सूं करत आला आणि पिंडाला चोच मारून गेला.

लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चिंतोपंत लगबगीनं उठले आणि आंघोळीला निघाले.

"शब्द अर्धाच राहिला," मुक्ताबाई म्हणाली.

"कावळा शिवला, बाई. विधी आटोपला. विचारा भटजींना."

सगळ्यांच्या नजरा भटांकडे वळल्या. लोणकरांच्या घरची पूजा त्यांच्याकडे होती आणि ती सुटली असती तर दुसरं घर नव्हतं. मुक्ताबाईही त्यांच्याकडेच पाहत होती.

भटांनी घसा साफ केला. "कावळा अर्ध्या शब्दावर विश्वासून आला. पुढचा अर्धा आला नाही, तर फसले ते आपले वडील."

"आणि साक्षीला आम्ही आहोत," हिंदुराव अतिशय आनंदानं म्हणाले.

चिंतोपंत गुडघाभर पाण्यात थांबले. मग तिथूनच म्हणाले, "बांधीन."

"कधी?"

"दिवाळीच्या आत."

"कुठल्या?"

"याच. आता आंघोळ करू दे गं बाई."

दिवाळी उलटली, शिमगाही गेला. पण हौद झाला. पूजाही भटांकडेच राहिली. हल्ली मुक्ताबाईच्या घरी पाणी सून भरते, आणि मुक्ताबाई दारात बसून तिला उशीर का झाला ते विचारते.