लेकरांचं ॲप आणि आमची धाकधूक

लेकरांसाठी ॲप बनवणाऱ्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते सकाळी फोनवर तक्रार म्हणून येतात आणि महिन्याभराने किस्से होतात. मधला महिना मात्र जीव टांगणीला!

लातुरात आमचं ऑफिस म्हणजे दोन माणसं. सलीमभाई कोड लिहितात, मी स्क्रीन काढते. गिऱ्हाईक एकच, एक क्लासवाले सर. त्यांना पहिली ते पाचवीच्या गणिताचं ॲप हवं होतं. "सोपं पायजे," सर म्हणाले, "पण त्यात सगळं पायजे!" टायमर, रँक, आलेख, सगळं. शिवाय सरांच्या स्वतःच्या फोनवर, वरच्या कोपऱ्यात, यंदाचे प्रवेश किती झाले तो आकडा. बोलता बोलता ते सारखे त्या आकड्याकडे बघायचे.

"ट्रायलला लेकरं अडली, तर आपलं काम तिथंच बंद," हेही त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे आमच्या ऑफिसचं शटर खाली.

*

उत्तर चुकलं की स्क्रीन थरथरायची आणि फोन घर्रर्र करायचा. ही सरांची आयडिया!

औशाकडच्या खेड्यात सलीमभाईंच्या ओळखीच्या घरी आम्ही ते दाखवायला गेलो. नातवाने फोन पत्र्याच्या पेटीवर ठेवला. पहिलंच उत्तर चुकलं, पेटी खडखडली, आणि चुलीपुढून आजी धावत आली. नातवाला काखोटीला मारून थेट अंगणात! "बाहेर निघा रे, बाहेर!"

भूकंपात तिचं घर बसलं होतं. आणि ती थरथर ज्यांनी बनवली ते आम्ही दोघंही तिच्या मागे पळालो!

सलीमभाईंनी अंगणातच लॅपटॉप उघडून ते काढून टाकलं. सर चिडले, "कामून काढलं?"

"सर, आधी तुमच्या आईसमोर वाजवून बघा," सलीमभाई म्हणाले.

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

*

मग आम्ही शहाणपण केलं. अवघड सेटिंग्ज फक्त आईबापांना उघडता याव्यात म्हणून कुलूप घातलं: सतरा गुणिले आठ किती?

धर्माबादहून एका वडिलांचा फोन आला. "ताई, कुलूप लई भारी हाय तुमचं. मला उघडंना. पोरगी शाळेतून आली की उघडून देती!"

*

शेवटी सगळंच काढलं. एक स्क्रीन, एक मोठं बटण, एक पोपट. नायगावच्या पाचवीतल्या पोराने पोपटाकडे बघितलं आणि मला विचारलं, "हे बालवाडीचं हाय का? रँक कुठंय?"

झालं! सरांनी रँक परत आणली, वरच्या कोपऱ्यात, लाल अक्षरांत, सगळ्यांसाठी.

मी म्हटलं, "सर, बारक्यांपासून तरी लपवून ठेवू. मोठी पोरं हवी तेव्हा उघडतील."

"लपवायला काय चोरीचा माल हाय?"

*

ट्रायलचा दिवस. दुसरीची बॅच, प्रत्येकाच्या हातात टॅब.

पहिल्या बाकावरची तीन पोरं कोपऱ्यातल्या लाल आकड्याकडे बघत नुसती बसून राहिली. बोट काही हलेना. सरांचा चेहरा बदलत चालला. सलीमभाई माझ्या कानाशी पुटपुटले, "ताई, संपलं आपलं."

मागच्या बाकावरची एकटी प्रज्ञा मात्र भराभर गणितं सोडवत होती. सर तिच्याकडे गेले आणि वाकून बघू लागले. कोपऱ्यात रँक नव्हतीच. तिथं एक मोठी टिकली चिकटवलेली होती.

"हे काय लावलंस गं?"

"टिकली. आईच्या पाकिटातली."

"कामून?"

"तिथला नंबर माझ्याकडंच बघून राहिला होता, सर."

सरांनी त्या टिकलीवरून बोट फिरवलं.

"अजून हायत का?"

तिने दप्तरातून पाकीट काढून दिलं. सरांनी त्यातली एक टिकली सोडवली, खिशातून स्वतःचा फोन काढला, वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यावर ती नीट दाबून बसवली, आणि पाकीट त्या तीन पोरांपुढे ठेवलं.