मोरूभाऊच्या पोटाचा पहारा

ऑफिसात किस्से कोणी तयार करत नाही. चार टेबलं, एक पंखा आणि सगळ्यांच्या ओळखीचा एक माणूस असला की ते आपोआप साचतात. आमच्या मोहाडीच्या ऑफिसात तो माणूस म्हणजे मोरेश्वर, आमचा मोरूभाऊ. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळं झालं तेव्हा जिल्ह्याबरोबर स्टाफही वाटला गेला आणि मोरूभाऊ आमच्याकडे आला. वजनानं पाहिलं तर भंडाऱ्याच्या वाट्याला जरा जास्तच आलं.

त्यानं वजन कमी करायचं ऑपरेशन करायचं ठरवलं, ही बातमी कळल्याबरोबर मला संशय आला. माझा स्वभावच तसा आहे. बायको म्हणते, देवळात गेलो तरी मी आधी चपलांकडे पाहतो आणि मग देवाकडे. मला वाटलं, याला लांब सुट्टी पाहिजे असेल. पलीकडच्या टेबलावरच्या शेंडे मॅडमना वाटलं, नागपूरचे डॉक्टर याला फसवून राहिले.

"चरबी काढतात म्हणे. मंग त्या चरबीचं करतात काय?" मॅडमनी विचारलं.

"चरबीले हातच लावत नाई. पोटाची थैली कापून लहान करतात. केळाएवढी," मोरूभाऊ म्हणाला.

"चरबीले हात नाई लावत? मंग ऑपरेशन कायचं?"

मोरूभाऊ हसला नाही. मग त्यानं सांगितलं की झोपेत त्याचा श्वास थांबतो. घोरता घोरता एकदम बंद. बायको, सुनंदावहिनी, कोपरानं ढोसते, तेव्हा पुन्हा सुरू होतो. ती माउली वर्षानुवर्षं नीट झोपली नव्हती. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं की वजन उतरलं नाही तर एखाद दिवशी तो श्वास परत येणार नाही. पण ऑपरेशनच्या आधी तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद, थोडं वजन कमी, आणि सांगितलेली तयारी पूर्ण. नाहीतर ते चाकू हातात घेणार नाहीत.

* * *

खर्ऱ्यावर नजर ठेवायचं काम वहिनीनं माझ्यावर सोपवलं. "भाऊजी, घरी मी पाहतो, ऑफिसात तुमी पाहा."

मी पाहू लागलो. पहिल्या आठवड्यात माणूस एकदम साधू. पानठेल्याकडे मान वळवत नव्हता. खिशात पुडी नाही, ड्रॉवरमध्ये पुडी नाही, मी सगळं तपासलं. आणि इथंच मला शंका आली, कारण मोरूभाऊ अचानक कामसू झाला होता. कधी नाही तो प्रत्येकाच्या टेबलावर जाऊन "काय म्हणते तुमची फाईल?" विचारायला लागला.

आमच्याकडे खर्रा एकट्यानं खायची रीत नाही. पुडी उघडली की आजूबाजूच्याला चिमूट द्यायची, आणि समोरच्यानं नाही म्हणायचं नाही. मोरूभाऊ पुडी उघडण्याच्या वेळा साधून फाईली विचारत फिरत होता!

मी रंगेहाथ पकडला. गालात चिमूट तशीच ठेवून म्हणतो, "सोडला न गा मी. इकत घ्यायचाच सोडला."

"आणि हे काय हाय तोंडात?"

"हा माया नाई. हा त्या लोकायचा हाय."

मी सगळ्या ऑफिसला दम दिला, मोरूभाऊसमोर कोणी पुडी उघडायची नाही. त्या दिवसापासून लोक खर्रा खायला जिन्याखाली जायला लागले आणि शिव्या मात्र मला द्यायला लागले.

* * *

मग लिक्विड डाएट आलं. ऑपरेशनच्या आधी काही दिवस फक्त पातळ खायचं, म्हणजे लिव्हर जरा आकसतं आणि डॉक्टरला आत हात घालायला जागा मिळते. मोरूभाऊची आई या कामासाठी खास आंबागडहून आली. म्हातारी खमकी. आल्याआल्या तिनं मला सांगितलं, "त्या डॉक्टरवर माया भरोसा नाई. चांगलं पोट कोणी कापते काय?" पण पोरानं ठरवलं होतं, तर त्याचं पथ्य तीच सांभाळणार होती.

पंधरवड्यानं मी त्याच्यासोबत नागपूरला गेलो. तो काट्यावर चढला आणि वजन वाढलेलं निघालं. डाएटिशियन म्हणून एक तरुण मॅडम होती, पुण्याकडची. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी मोरूभाऊकडे पाहिलं.

"घेता काय तुम्ही दिवसभर?"

"सकाळी पेज, दुपारी पेज, संध्याकाळी पेज. लिक्विडच घेतो मॅडम, आईची शपथ."

"पेज म्हणजे तांदळाचं वरचं पाणी ना? किती, वाटीभर?"

"गंजभर. पातेलंच म्हणा न."

"आणि त्यात भात?"

"भात नाई. आई घोटून टाकते त्याले. दाताले काईच लागत नाई."

धानाच्या मुलखातला माणूस, त्याला पेज हे जेवण वाटतच नाही. ते जेवणाच्या आधीचं पाणी. त्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि मला म्हणाल्या, "तुम्ही यांचे कोण?" मला फार लाज वाटली. मी म्हटलं, मी फक्त गाडीनं सोबत आलो.

घरी आईला सांगितलं तर ती माझ्यावरच उलटली. "तुमीच म्हनले पातय द्या. आता पातय तं पातय, आनखी किती पातय करू?"

* * *

पेज बंद झाली आणि प्रोटीनची पावडर आली. ती पाण्यात घोळून झाकणाच्या बाटलीत भरायची आणि वेळेवर प्यायची. त्यातच आसगावला त्याच्या मावसभावाच्या पोरीचं लग्न निघालं. जायलाच पाहिजे होतं. वहिनीनं मलाही पाठवलं.

पंगत बसली. मोरूभाऊ पंगतीला नाही म्हणाला, हीच मोठी बातमी झाली. वाढपी तीनदा विचारून गेले. शेवटी बिचारा मंडपाच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभा राहिला आणि बाटली काढून तोंडाला लावली. मी बाजूला उभा राहून कोणी येते काय ते पाहत होतो. आता दोन माणसं मंडपामागे उभी, एक बाटली पिऊन राहिला, दुसरा इकडंतिकडं पाहून राहिला. लोकांनी काय समजावं?

नवरीचे आजोबा काठी टेकत आले. "जवाई येऊन बसले मांडवात. तुमाले आजचाच दिवस भेटला काय?"

"आबाजी, औषध हाय हे," मोरूभाऊ म्हणाला.

"आमीबी औषधच म्हणत होतो." आबाजीनं बाटली घेतली, वास घेतला, आणि खात्री करायला एक घोट मारला. तोंड वाकडं केलं आणि उपरण्यानं पुसलं. मग बाटली परत देत म्हणाले, "दारू असती तं बरं होतं रे बाबा."

* * *

तयारीत एक मुलाखतही होती. मन बरोबर आहे की नाही पाहणाऱ्या डॉक्टर बाईंकडे. मोरूभाऊ दाराशीच अडला. "मले येडा ठरवून राहिले. कागदावर येडा लागला तं नोकरी जाईल."

मी आत सोबत बसलो. बाईंनी शांतपणे विचारलं, "घरच्यांचा सपोर्ट आहे का?"

"सपोर्ट? पहारा हाय, मॅडम. घरी बायको, ऑफिसात हा, आन् स्वयंपाकघरात आई. कैद्याले जास्त मोकळीक राह्यते."

"मग ऑपरेशन कशासाठी करून घेताय? चांगलं दिसायचं म्हणून?"

मोरूभाऊनं मान हलवली. "मी झोपलो का बायको जागी राह्यते. माया श्वास मोजत बसते. लग्न झाल्यापासून तिनं माया संसार केला, आता माया श्वासही तिनंच सांभाळावा काय? तिले झोपू द्यायचं हाय मले." मला पहिल्यांदा त्याच्यावर कसलाच संशय आला नाही. बाईंनी सही केली.

* * *

ऑपरेशनचा दिवस उजाडला. वजन उतरलं होतं, रिपोर्ट ठीक होते. आदल्या संध्याकाळपासून आम्ही सगळे दवाखान्यात होतो. सकाळी पाण्याचा थेंबही नाही, अशी ताकीद होती. मी मोरूभाऊचे खिसे, उशी, चादर, सगळं पाहून घेतलं. वहिनीनं पाण्याची बाटलीसुद्धा खोलीबाहेर ठेवली.

भूल देणारे डॉक्टर आले. "सकाळपासून तोंडात काही गेलं?"

"नाई," मोरूभाऊ म्हणाला. मान मात्र खाली.

"खरं सांगा. भुलीत पोटातलं वर येऊन श्वासनळीत गेलं, तर जिवावर बेततं."

मी वहिनीकडे पाहिलं, वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांना एकमेकांवरच संशय होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आईचा आवाज आला.

"म्या देल्लं. दही-साखर."

"आजी, तुम्हाला सांगितलं होतं ना?"

"जेवाले नको देऊ म्हनलं होतं. पोरगं एवढ्या मोठ्या कामाले निघालं, त्याचं तोंड गोड केल्याबिगर कसं धाडू? कोनाच्या घरी धाडतात असं?"

"मी आईचा हात कसा लोटू?" मोरूभाऊ पुटपुटला.

ऑपरेशन दुसऱ्या दिवसावर गेलं. वहिनी खुर्चीत बसली आणि रडली. आणखी एक रात्र जागायची होती तिला. मग उठून तिनं खुर्ची सासू आणि पलंग यांच्या मधोमध ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारी पुन्हा दही-साखरेची स्टीलची डबी मांडीवर घेऊन बसलेली. झाकणावर हात. वहिनीची नजर त्या डबीवर, माझी नजर त्या डबीवर. मी तर मोरूभाऊच्या उशाशी उभाच राहिलो. आईनं पोराकडे पाहिलंसुद्धा नाही.

ऑपरेशन करणारे मोठे डॉक्टर राउंडला आले, तशी ती उठली. डबी उघडली, चमचा भरला आणि सरळ त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"हात कर बाबू पुढं. त्याले चालत नाई म्हनता न? तं तू खा. काम तं आज तुलेच कराचं हाय."

डॉक्टरनं हातातली फाईल सिस्टरकडे दिली आणि तळहात पुढे केला.