विझलेला पिवळा दिवा

आमच्या जुन्या पिकअपच्या मीटरमध्ये पिवळा दिवा लागला, तेव्हा मी नवऱ्याच्या शेजारी बसले होते. मंडईत टोमॅटो टाकून परत चाललो होतो. मी म्हटलं, "अहो, हे काय पेटलं?" हे म्हणाले, "पिवळा हाय. लाल झाला की बघू."

या माणसाचं सगळंच असं. दाढ दुखली की लवंग, पत्रा गळला की खाली बादली. एरवी मीही सोडून दिलं असतं. पण आठवड्याभरात याच गाडीतून आमची लेक यायची होती. ईट गावाला दिलेली, आठवा महिना, पहिलं बाळंतपण माहेरी. आमचं गाव उमरग्याजवळ, म्हणजे अख्खा जिल्हा ओलांडून यायचं आन् मधे घाट. एसटीत धक्के बसतात म्हणून घरची गाडी. मी हटून बसले, दिव्याचं कारण कळल्याबिगर पोरीला या गाडीत बसवायचं न्हाय.

उमरग्याला हायवेवर एक गाड्यांचा इलेक्ट्रिशियन आहे. त्यानं चावी फिरवली. मीटरमधले सगळे दिवे लागले, एकेक करून विझले, तो पिवळा तेवढा राहिला.

"ताई, बघून ठेवा," तो म्हणाला. "चावी फिरवली की सगळ्यांनी हजेरी द्यायला पायजे. दिली की विझायला पायजे. जो विझत न्हाय, तिथं काही तरी बिघडलंय."

मग स्टिअरिंगखाली त्यानं बिघाड शोधायच्या मशीनची पिन खुपसली. मशीन म्हणालं, मागचं डावं चाक. जॅक लावून चाक काढलं तर आत काळ्या दोऱ्याचा हा गुंता! सासूबाईंनी गाडीला नजर लागू नये म्हणून ॲक्सलला काळा गोंडा बांधला होता. त्याचा दोरा सुटून चाकाबरोबर फिरला, सेन्सरची वायर तोडली आन् सेन्सरही फोडून बसला. मला हसावं का रडावं कळेना.

मी विचारलं, "मग ब्रेक लागणार न्हाय का?"

"लागंल की. पण हा सेन्सर चाक जाम होतंय का ते बघतो. तो गेला की ओल्या रस्त्यावर ब्रेक जोरात दाबला तर चाक जाम होतं आन् गाडी घसरते. मागं माल नसला तर लईच. सेन्सर सोलापूरहून मागवतो. तोवर जपून."

ह्यांनी मान हलवली. ती मान मला चांगली ठाऊक आहे.

घरी आल्यावर मी रोज विचारायची, सेन्सर आला का? सासूबाई माझ्यावर धावून यायच्या. "लेक आणायच्या तोंडावर आईनं असलं अभद्र बोलू न्हाय! जिभेला हाड हाय का न्हाय तुझ्या?" आणि हे त्यांच्या बाजूनं. रात्री मला झोप लागेना. मग एका संध्याकाळी ह्यांनी मला गाडीपाशी नेलं. इंजिन चालू होतं. "बघ. झालं काम." पिवळा दिवा नव्हता. मला इतकं हायसं वाटलं की मी शिरा केला.

निघायच्या सकाळी मी ह्यांच्या हातावर दही द्यायला खिडकीपाशी उभी राहिले. ह्यांनी चावी फिरवली. सगळे दिवे लागले, लाल, हिरवे. पिवळ्याच्या जागी अंधार. मला क्षणभर काही उमगलंच नाही. गाडी वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा मला इलेक्ट्रिशियनचं हजेरीचं बोलणं आठवलं.

लगेच त्याला फोन केला. "सेन्सर आलाय, ताई. इथंच पडलाय. गाडी कुठं आणली तुम्ही?"

म्हणजे दिव्यानं हजेरीच दिली नव्हती. कुणीतरी त्याचा बल्ब काढला होता.

हे गाडी चालवताना फोन घेत नाहीत. लेकीला लावला, तिला म्हटलं, बाबा आले की पहिल्यांदा मला बोलू दे. दुपारी लेकीच्या फोनवर ह्यांचा आवाज आला, अगदी खालच्या पट्टीत. "तुला झोप लागंना म्हणून काढला बल्ब. ब्रेक चांगला हाय की. सावकाश येतो."

"तिला एसटीनं आणा! तुम्हाला हात जोडते."

"ओटी भरून झालीय. व्याह्यांसमोर तमाशा करू नगं." ह्यांनी फोन ठेवला. परत लावला तर दोघांचेही बंद.

दुपारभर भुरभुर पाऊस होता. मी उंबऱ्यात बसून होते.

दिवेलागणीला गाडी आली. डावी बाजू चेपलेली, आरसा गायब. हे उतरता उतरताच म्हणाले, "काही न्हाय, खांबाला घासली." लेक पोटावर हात ठेवून बसली, चहाला तिनं तोंड लावलं नाही. मी तिला आत नेऊन दार लावलं.

"घाटात शेळ्या आडव्या आल्या," ती म्हणाली. "बाबांनी ब्रेक दाबला आन् गाडी गर्रकन फिरून कठड्यावर आदळली. बाबा म्हणले, आईला सांगू नको, ती घाबरंल." मी तिच्या पोटाला हात लावला. दगडासारखं कडक झालं होतं.

शेजाऱ्याच्या गाडीनं उमरग्याच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासून ह्यांना एकट्यालाच आत बोलावलं. हे बाहेर आले. "सगळं ठीक हाय. उद्या सोलापूरला दाखवू." मला आता ह्यांचं 'ठीक' पटेना. मी ह्यांना बाजूला सारून आत शिरले.

"उद्या?" डॉक्टरीणबाई उभ्याच राहिल्या. "आत्ता निघा म्हणून सांगितलंय मी त्यांना. आत रक्तस्राव होतोय."

ॲम्ब्युलन्सनं सोलापूर गाठलं. लेक वाचली. बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

लेकीला अजून शुद्ध नव्हती. हे जिन्याच्या पायरीवर बसून लहान पोरासारखे रडत होते. मलाही रडायचं होतं, पण माझ्या अंगाची नुसती लाही होत होती. मग ह्यांनी डोळे पुसले आन् मला म्हणाले, "ती जागी झाली की सांगू, बाळ काचेच्या पेटीत ठेवलंय. दोन दिवसांनी हळूहळू कानावर घालू. एकदम ऐकून तिला सोसायचं न्हाय."

"न्हाय," मी म्हटलं. "डोळे उघडले की खरं काय ते सांगायचं. आन् ते तुम्ही सांगायचं."

ह्यांच्यानं उठवेना. मी ह्यांना दंडाला धरून उठवलं आणि लेकीच्या खाटेपाशी नेऊन उभं केलं.