टप्पा डॉक्टरनेच लिहायचा

केबिनचं दार लावून मी त्या दुपारी काय बोललो, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. घरी नाही, मित्रांतही नाही. ऐकणारा एकच होता, आमचा मॅनेजर, आणि तो ते संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. मला विसरता येत नाही. हे लिहायला बसलोय तरी मध्येच उठून गॅलरीत फेऱ्या मारून येतो.

आमचं ऑफिस मीरा रोडला, साड्यांच्या दुकानाच्या वर. काम मेडिकल कोडिंगचं. अमेरिकेतल्या डॉक्टरांनी पेशंटबद्दल लिहिलेलं वाचायचं आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक उपचाराला ठरलेला कोड द्यायचा. त्यावर तिथली विमा कंपनी बिल भागवते. हे कोड दर वर्षी बदलतात, त्यामुळे या कामात शिक्षण कधी संपत नाही. ठरावीक तासांचं ट्रेनिंग दाखवलं नाही तर कष्टाने मिळवलेलं सर्टिफिकेट रद्द होतं. आमच्याकडे पद्धत अशी, की एकाने नवे बदल वाचायचे आणि शनिवारी बाकीच्यांना शिकवायचे. तो एक म्हणजे मी. मला ते आवडायचं. खुर्च्या तशाच, माणसं तीच, पण त्या दिवशी सगळे मला सर म्हणायचे, आणि मग ते सर कायमचंच चिकटलं.

त्या वर्षी किडनीच्या जुनाट आजाराचे कोड बदलले होते. आधी सगळ्याला एकच कोड पुरायचा, आता आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्याप्रमाणे वेगवेगळे. मी नव्या कोडचा तक्ता वाचला होता. सोबतच्या सूचना वाचल्या नव्हत्या. का नाही, याला सांगण्यासारखं कारण नाही. घरात कोणी आजारी नव्हतं, कामाचा लोडही नव्हता. कंटाळा केला, बस.

शनिवारी मी तक्ता समजावून दिला. आमच्यात एकजण होता, मला अडवायची संधी तो सोडायचा नाही.

“सर, डॉक्टरने टप्पा लिहिलाच नसेल तर?”

“म्हणजे?” मी वेळ काढत म्हणालो.

“म्हणजे नुसतं किडनीचा आजार लिहून घरी गेला असेल तर. अमेरिकेचा झाला तरी डॉक्टरच तो, आळस असणारच.”

सगळे हसले. मला उत्तर माहीत नव्हतं. ‘बघून सोमवारी सांगतो’ म्हणालो असतो तर काय बिघडलं असतं? पण त्याने आठवडाभर माझी खेचली असती. मी म्हणालो, “लॅब रिपोर्ट असतो ना खाली. किडनी किती चालतेय ते बघा आणि टप्पा आपणच ठरवा. सोप्पंय.”

हे साफ चूक आहे. डॉक्टरने जे लिहिलं नाही ते कोडरने लिहायचं नाही. रिपोर्टवरून कितीही उघड दिसत असलं तरी डॉक्टरला विचारायचं, नाहीतर ‘टप्पा नमूद नाही’ याचा कोड द्यायचा.

किडनीच्या फायली आमच्याकडे एकाच बाईंकडे होत्या. मूळच्या परभणीकडच्या, आधी नर्स होत्या, नाइट ड्युटीला कंटाळून कोर्स करून इकडे आलेल्या. माझ्याहून मोठ्या, सगळे ताई म्हणायचे. अजून कायम झाल्या नव्हत्या, त्याच महिन्यात होणार होत्या. मी सांगितलं तसं त्यांनी इमानदारीने केलं. प्रत्येक फाइलचा रिपोर्ट उघडला, टप्पा ठरवला. काही दिवसांत ऑडिट झालं आणि क्लायंटने त्यांचं सगळं काम परत पाठवलं.

मॅनेजरने आधी त्यांना बोलावलं, मग मला.

“ती म्हणतेय ट्रेनिंगमध्ये तसंच सांगितलं होतं. देख, मला क्लायंटला जवाब द्यायचाय. तू सांगितलेलंस का?”

“नाही,” मी म्हणालो. “असं कसं सांगेन? नर्स होत्या ना त्या. रिपोर्ट वाचायची सवय असते. मनानेच ठरवलं असेल.”

“मला भी तोच डाउट आला,” तो म्हणाला.

त्याला ते पटावं म्हणून मी त्यांची जुनी नोकरी पुढे केली. ती युक्ती मला कोणी शिकवली नव्हती, माझी मलाच सुचली. नंतर बराच वेळ आम्ही पुढच्या शनिवारचं ट्रेनिंग ठरवत बसलो.

बाहेर आलो तेव्हा तो प्रश्न विचारणारा माझ्याकडे एकदा बघून पुन्हा कामाला लागला. त्याला कोणी विचारलं नाही, त्यानेही आपणहून सांगितलं नाही. पुढे तो चेन्नईला गेला.

ताईंना कायम केलं नाही. जायच्या दिवशी डबा पिशवीत भरून त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

“सर, शिकवताना चूक कोणाकडूनही होते. त्या दिवशी इतका वेळ तुम्ही आत होतात. माझ्यासाठीच बोलत असणार, कळलं मला. त्यांनी नाही ऐकलं, त्याला तुम्ही काय करणार?”

“बघू ताई, दुसरीकडे काही असेल तर सांगतो,” मी म्हणालो.

पुढच्या शनिवारी मी बरोबर नियम शिकवला. सगळ्यांनी खाली मान घालून लिहून घेतला.

ताई पुन्हा नर्सिंगला गेल्या, पुन्हा नाइट ड्युटी. काही वर्षांनी भाईंदरच्या इंद्रलोक भागात भाजी घेताना भेटल्या. “माझ्या नणंदेची मुलगी हाच कोर्स करतेय,” म्हणाल्या. “तुमच्याकडेच पाठवते. तुम्ही शिकवलेलं पक्कं असतं.” मुलगी शनिवारच्या ट्रेनिंगला येऊ लागली. तिला मी इतरांपेक्षा जास्त वेळ दिला, सूचनांचं पान न् पान वाचून घेतलं. वाटलं, एवढ्याने जीव शांत होईल. ती चांगल्या जागी लागली, ताईंनी पेढे पाठवले. ते मला खाववले नाहीत, घरी म्हटलं पोट ठीक नाही.

आजही रविवारी घरात बसवत नाही. रिक्षा करून इंद्रलोकला ताईंच्या बिल्डिंगपर्यंत जातो आणि तीच रिक्षा परत फिरवतो. कधी चौक गावाच्या बसमध्ये चढतो, शेवटच्या स्टॉपला उतरून परतीची बस धरतो. बायको विचारते, कुठे गेला होतात? सांगतो, असंच.

ताई अजून समजतात की मी आत त्यांच्या बाजूने बोललो. मी बोललो नव्हतो. चूक मी शिकवली आणि त्यांच्या नावावर घातली. हे त्यांना समोर बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे.