आगाऊ कळवलेली अचानक तपासणी

सरकारी अनुदानावरच्या संस्था तपासणं ही माझी नोकरी. वटार गावाकडे जवानांच्या विधवांचा एक आश्रम होता. तिथे मी दरवर्षी अचानक तपासणीला जायचो आणि आदल्या दिवशी फोन करून तसं कळवायचो. आमच्या ऑफिसात तशीच रीत होती.

एकदा एका आजींनी माझा हात धरला. "साहेब, दर महिन्याला येत जा ना. तुम्ही येणार असलात की पंखे फिरतात, आमटीत डाळ दिसते."

"आजी फार विनोदी आहेत," व्यवस्थापक म्हणाले. मीही हसलो. अहवालात 'व्यवस्था समाधानकारक' लिहिलं आणि त्यांनी दिलेली वेलची केळी घरी नेली.

पुढच्या वर्षीही फोन केलाच. पोचलो तर आजी नव्हत्या. "दवाखान्यात नेलंय," व्यवस्थापक म्हणाले. कुठल्या, ते मी विचारलं नाही.