रक्त थांबवणारे मास्तर

गल्लीच्या तोंडाशी दोन खुर्च्यांचं केस कापायचं दुकान होतं, आणि लोखंडी जिना चढून गेलं की त्याच्या डोक्यावर बॉक्सिंगची तालीम. दुकानाच्या मालकांना सगळे मास्तर म्हणत. त्यांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता. पण वस्तऱ्यानं कापलेला गाल चुटकीसरशी बंद करण्यात त्यांचा हातखंडा होता, म्हणून तिशीत असताना वरच्या कोचनं त्यांना एका सामन्याला ओढून नेलं. तिथून पुढे एकतीस वर्षं काही सुटका झाली नाही.

दोन फेऱ्यांच्या मधे एक मिनिट मिळतं. खेळाडू स्टुलावर टेकेपर्यंत त्यातलं थोडं जातं, शेवटी सगळे रिंगमधून उतरेपर्यंत आणखी थोडं. उरलेल्या वेळात फाटलेल्या भुवईत औषधाचा कापूस दाबून धरायचा, वर व्हॅसलिनचा थर द्यायचा, सुजलेल्या डोळ्याखाली बर्फातली लोखंडी पट्टी फिरवायची, आणि त्याला परत मार खायला पाठवायचं. मास्तर हे असंच सांगायचे. पूर्वी सांगताना हसायचे, अलीकडे नुसतंच सांगायचे. सामन्याहून आल्यावर रक्ताळलेला शर्ट भिजत घालताना बायको विचारायची, "आज कुणाचं?" ते नाव सांगायचे आणि अंघोळीला जायचे.

तालमीत एक वेल्डर होता. दिवसभर गेटं-ग्रिलं जोडायचा, संध्याकाळी बॅग बडवायचा. एका रविवारी दुपारी त्याचा मोठा सामना होता. तिसऱ्याच फेरीत डावी भुवई फाटली. मास्तरांनी ती बंद केली. पाचवीत उघडली, पुन्हा बंद केली. सहावीनंतर डॉक्टर बघायला रिंगवर आले, तोवर जखम कोरडी ठणठणीत. "खेळू दे," डॉक्टर म्हणाले. वेल्डर आणखी दोन फेऱ्या खेळला आणि जिंकला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

खोलीत बुटांच्या नाड्या सोडताना त्यानं विचारलं, "मास्तर, कितवी फेरी चाललीय?"

"संपलं सगळं. जिंकलास तू."

"हो का?" तो म्हणाला. नाडी तशीच हातात धरून थोड्या वेळानं म्हणाला, "कितवी फेरी?"

तिसऱ्यांदा विचारल्यावर मास्तरांनी त्याला उचलूनच गाडीत घातलं. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ऑपरेशन झालं, जीव वाचला. पण उजवा हात थरथरायचा थांबेना आणि शब्द जिभेवर येऊन अडकायला लागले. वेल्डिंग कायमचं सुटलं.

इस्पितळाच्या बाकावर त्याची आई बसली होती. आता ही बाई आपल्याला बोल लावणार, म्हणून मास्तर मान खाली घालून उभे राहिले. तिनं सरकून जागा दिली. "तुम्ही होतात म्हणून शेवटपर्यंत खेळला तो," ती म्हणाली. "तुमचे उपकार आहेत." तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मास्तर नंतर बायकोला म्हणाले.

त्यांचं कशात लक्ष लागेना. मुलगी शाळेत इतिहास शिकवायची. एका सुट्टीला ती त्यांना बळेच संग्रहालयात घेऊन गेली. तिथं अडीच हजार वर्षांपूर्वीचं एक ग्रीक मडकं होतं. त्यावर दोन उघडे पुरुष, हातांना चामड्याच्या वाद्या, एकाच्या नाकातून ठिपक्याठिपक्यांनी रक्त. शेजारी लांब काठी घेतलेला पंच. मास्तर काचेला नाक लावून बघत राहिले.

"यांचं थांबायचं कधी?" त्यांनी विचारलं.

"हरणाऱ्यानं बोट वर केलं की."

"आणि नाही केलं तर?"

"मग चालूच. मेलेसुद्धा आहेत, बाबा."

"म्हणजे तेव्हापासून हेच," ते म्हणाले आणि खुर्ची शोधायला लागले. पाय दुखतात म्हणाले.

दोन महिन्यांनी कोचनं पुन्हा बोलावलं. नाही म्हणायचंही मास्तरांच्या जिवावर आलं होतं, म्हणून ते गेले. या वेळी टॅक्सी चालवणारा एक गडी होता. चौथ्या फेरीत त्याची भुवई फुटली. जखम तशी किरकोळ होती. पण स्टुलावर टेकताना तो हातानं स्टूल चाचपत होता आणि कोच काय विचारतोय ते त्याला दोनदा सांगावं लागलं. मास्तरांनी कापूस जखमेवर ठेवला, दाबला मात्र नाही. रक्त डोळ्यात उतरलं. डॉक्टर वर आले.

"माझ्यानं थांबत नाही," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी हात हलवून सामना थांबवला. टॅक्सीवाला गुणांत पुढे होता. त्यानं मास्तरांच्या छातीला धक्का दिला, नको ते बोलला आणि तोंड फिरवून रडायला लागला. कोचनं स्टूल उचललं. इतक्या वर्षांचा सोबती. काय झालं ते त्याला कळलं होतं. खाली उतरताना एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळेपासून दुसरा बघतो मी."

"बघ," मास्तर म्हणाले.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं. "वाचवलंत म्हणायचं त्याला," ती म्हणाली.

"काय माहीत. कदाचित त्याला काही झालंही नसतं."

"मग बरं वाटतंय का तुम्हाला?"

"नाही गं," ते म्हणाले. "दमलोय." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.