दाखलू सरांचा एक जून

धाकलू हरड कुठे राहतात असं शहापुरात विचारलंत, तर दहातली नऊ माणसं मान हलवतील. दाखलू सर कुठे राहतात विचारा, रस्त्यातली पोरं खेळ सोडून तुम्हाला घरापर्यंत नेऊन सोडतील. पाच भावंडांतला शेवटचा म्हणून आईबापांनी धाकलू नाव ठेवलं होतं. त्याचं दाखलू केलं ते तालुक्यातल्या खेळाडूंनी, कारण मैदानावर कुणी कितीही ऐटीत आला तरी सरांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा तो "दाखला?" नमस्कार, चहा, चौकशी, सगळं त्यानंतर.

सर एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक होते आणि १९९९ पासून तालुका क्रीडा संयोजकही. हे मानाचं पद आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी एक वर्ष ते करून बघावं. आधी शाळाशाळांच्या प्रवेशिका गोळा करायच्या. त्यातल्या निम्म्यांवर मुख्याध्यापकांची सही नसते, उरलेल्यांवर शिक्का नसतो. मग मैदान मिळवायचं, त्यावरचं गुडघाभर गवत काढून घ्यायचं, फक्कीने रेषा मारायच्या, रात्रीत पाऊस झाला की सकाळी पुन्हा मारायच्या. पंचांना वेळेवर चहा नाही मिळाला तर ते कबड्डीत भलतेच गुण देतात, हेही ध्यानात ठेवायचं. आणि स्पर्धा संपल्यावर हरलेल्या शाळेच्या शिक्षकांनी दोन महिने बोलायचं सोडलं, तर हसून घ्यायचं.

सरांच्या आधी चौदा वर्षांखालच्या कबड्डीत मिशीला पीळ देणारे गडी उतरायचे. एकदा तर अशा एका बालखेळाडूला प्रोत्साहन द्यायला त्याची बायको आली होती, असं लोक सांगतात. खरंखोटं म्हसोबाला ठाऊक. पण सर आले आणि हा कारभार बंद झाला. प्रत्येक पोराचा जनरल रजिस्टरचा उतारा ते मागवत. संशय आला तर एम-ऐंशी गाडी काढून थेट त्या शाळेत जात आणि मूळ रजिस्टर बघून येत. पुढाऱ्याचा पुतण्या असो की मुख्याध्यापकांचा मुलगा, तारीख एका दिवसाने चुकली तरी नावावर लाल रेघ. "माणूस खोटं बोलेल, कागद बोलत नाही," असं ते म्हणायचे आणि स्वतःवरच खूश व्हायचे. अहंकार म्हणा हवं तर. सरळ माणसाला तेवढा एकच परवडतो.

२००४ च्या ऑक्टोबरात, स्पर्धेच्या चार दिवस आधी प्रवेशिकांची छाननी चालली होती. उंबरमाळीच्या पलीकडे डोंगरातल्या एका आश्रमशाळेची प्रवेशिका सरांच्या हातात आली. ती घेऊन आल्या होत्या तिथल्या शिक्षिका देवकी निमसे. सहाशे मीटर धावणे, मुली, चौदा वर्षांखालील: छाया मुकणे, नववी. सरांनी जन्मतारखेवर बोट ठेवलं. एक जून एकोणीसशे नव्वद. त्या वर्षी चौदाखालच्या गटाला एक जानेवारी एक्याण्णव किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. लाल रेघ.

"सर, रेघ मारायच्या आधी पोरीला बघा तरी एकदा," देवकी मॅडम म्हणाल्या. "माझ्या खांद्याला लागत नाय ती. अजून दुधाचे दात पडतायत तिचे."

"मॅडम, दात मोजायचं काम माझं नाही. सतराखाली घाला."

"सतराखाली पंधराशे मीटर आहे. घोड्यांसारख्या पोरी असतात त्यात. सर, यंदा ती जिल्ह्याला गेली नाय, तर दिवाळीनंतर आई तिला वीटभट्टीवर घेऊन जाणार. धाकटी भावंडं सांभाळायला. शाळेत ठेवू म्हटलं तर विचारते, शाळेत ठेवून काय व्हतं? जिल्ह्याला गेली, तर निदान मला सांगायला तोंड राहील."

सरांनी चष्मा पुसला. पोरीचं वाईट त्यांनाही वाटलं. पण वाईट वाटतं म्हणून तारीख बदलायला लागलो, तर ती मिशीवाली मंडळी पुन्हा मैदानात यायला किती वेळ? तरी ते म्हणाले, "मूळ रजिस्टर मी स्वतः बघतो. दाखला लिहिताना चुकला असेल तर दुरुस्त करू." मॅडमचं तोंड बंद व्हावं, एवढाच खरं तर त्यात हेतू होता.

दाखल्यावर पहिलीच्या शाळेचं नाव वाचलं तेव्हाच सरांना कसंसंच झालं होतं. त्या वाडीच्या शाळेत ते स्वतः सात वर्षं होते. बी.पी.एड. करून हायस्कुलात येण्याआधी ते जिल्हा परिषदेचे प्राथमिक शिक्षक होते, आणि ती त्यांची पहिली शाळा. दोन दिवसांनी ते चढण चढून गेले. नव्या गुरुजींनी कपाटातून रजिस्टर काढून दिलं. जून १९९६ चं पान उघडलं आणि सर एकेका नावावर बोट ठेवत खाली गेले.

पानावर अकरा नावं होती. अकराच्या अकरा पोरं एक जूनला जन्मलेली. छायाचा थोरला भाऊसुद्धा एक जून नव्वद, आणि छायाही एक जून नव्वद. अक्षर गोल, वळणदार, रेघेला धरून. ते अक्षर त्यांचंच होतं.

आता यात नवल ते काय, असं कुणीही म्हणेल. आपल्याकडे अर्धं राज्य एक जूनला जन्मलंय. जूनमध्ये शाळा उघडते, पोर सहा वर्षांचं पाहिजे, आईबापांना तारीख सांगता येत नाही. गुरुजी सहा वर्षं मागे मोजतात आणि एक जून टाकतात. खुद्द सरांची तारीखही तीच होती, आणि त्यांना त्यात कधी वावगं वाटलं नव्हतं. पण छायाची गोष्ट निराळी होती. त्यांना आता सगळं आठवलं. त्या वर्षी पट कमी भरत होता, शाळा बंद व्हायची वेळ आली होती. भावाचा हात धरून एक शेंबडी पोर वर्गात येऊन बसायची. चार वर्षांची असेल नसेल. पटाला एक डोकं हवं होतं. सरांनी तिला सहा वर्षांची केली, आणि शाळा वाचली.

सर तसेच वाडीवर गेले. छायाची आई जानी अंगणात कुडाला शेण लावत होती. हात धुऊन ती पुढे आली. शहापुरात सगळे सर म्हणत, पण इथे ते अजून गुरजीच होते.

"जानी, तुझी छाया कधी जन्मली गं?"

"म्हशाच्या जत्रंला," जानी पटकन म्हणाली. "मी म्हायेरी व्हती, म्हशाला. पुनवंला जत्रा लागली आन् दुसऱ्या दिशी बैलबाजारात पोटात दुखाया लागला. दवाखान्याच्या तंबूत न्हेली माला. नर्सबाई व्हती, तिना लिवून घेतला. बापाचा नाव, गावाचा नाव, समदा."

"आणि तिच्या भावाची तारीख आणि तिची एकच कशी?"

जानी हसली. "तां आमाला काय ठाव? दोघा एका दिशी कशी व्हतील गुरजी? जुळी नाय ती."

"मग मी नाव घालताना सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलाच नाय," जानी म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पाणी पाहिजे का विचारावं, तसं ती म्हणाली.

सरांना ते फार लागलं. सात वर्षं त्या वाडीत राहिले, त्यांच्या घरची भाकर खाल्ली, आणि एकाही आईला त्यांनी विचारलं नव्हतं. यांना कुठे तारखा माहीत असणार, असं धरूनच चालले होते.

शुक्रवारी स्पर्धा होती. सरांच्या हातात पेन होतं, यादी होती, आणि तालुक्यात त्यांच्या शब्दाला आव्हान देणारा कुणी नव्हता. लाल रेघेवर काळी रेघ मारली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्यांनी ती मारली नाही. छाननीत त्यांनी आणखी तिघांना बाद केलं होतं, आणि त्या तिघांना काय सांगणार? छाया सतराखालच्या मुलींबरोबर पंधराशे मीटर धावली, अनवाणी, शाळेच्या निळ्या फ्रॉकवर. सहावी आली. तिच्या मागे दोघी होत्या, हेच पुष्कळ. देवकी मॅडम सरांशी बोलल्या नाहीत, आणि हे बोलणं-सोडणं सरांना हसून घेता आलं नाही. त्यांनी स्वतःच जाऊन मॅडमना सांगितलं, "ते अक्षर माझं आहे. पोरीला भट्टीवर जाऊ देऊ नका, काहीही सांगा आईला. मला एक वर्ष द्या."

जानीला काय पटलं कोण जाणे. गुरजी स्वतः दोनदा वाडी चढून आले, हेच बहुतेक पटलं असावं. ती धाकट्यांना घेऊन भट्टीवर गेली आणि छायाला आश्रमशाळेत ठेवून गेली.

मग सरांची वारी सुरू झाली ती कचेऱ्यांची. नर्सबाईने लिहून घेतलं होतं, म्हणजे कुठेतरी कागद असणार. म्हसा गावाच्या आसपासच्या दोन ग्रामपंचायतींच्या जन्मनोंदी त्यांनी चाळल्या. पहिल्या ठिकाणी ग्रामसेवक नाही, दुसऱ्या ठिकाणी किल्ली नाही, मग किल्ली आहे पण वह्या वाळवीने खाल्लेल्या. पाचव्या खेपेला एक वही नीट निघाली. वीस जानेवारी १९९२, स्त्री, आईचं नाव जानी, मुक्काम म्हसा जत्रा. सर वहीसमोर बसून एकटेच हसले, आणि मग त्यांना रडू आलं. कागद बोलत नाही म्हणायचे ना, हा कागद बारा वर्षं बोलत होता. ऐकायला कुणी गेलं नव्हतं.

तारीख दुरुस्त करायची तर चूक कुणाची, हे लिहून द्यावं लागतं. सरांनी खुलासा लिहिला: नोंद मी केली, तारीख अंदाजाने टाकली, पालकांना विचारलं नाही. हायस्कुलातल्या सहकाऱ्यांनी समजावलं, अहो, मुख्याध्यापक तेव्हा दुसरेच होते म्हणा, नजरचूक म्हणा. सरांनी ऐकलं नाही. खात्याने त्यांना लेखी ताकीद दिली आणि ती सेवापुस्तकात चढली. संयोजकपदाचा राजीनामा मात्र त्यांनी न मागता दिला. ज्याची तारीख खोटी, त्याने दुसऱ्याच्या तारखा तपासू नयेत, असं त्यांचं म्हणणं होतं. लोक म्हणाले, सर जरा जास्तच करतात. करतही असतील.

२००५ साली चौदाखालच्या गटाला एक जानेवारी ब्याण्णव किंवा त्यानंतरचा जन्म लागत होता. छाया एकोणीस दिवसांनी बसत होती. गेल्या वर्षी सतराखाली धावलेली पोर यंदा चौदाखाली कशी, म्हणून एका शाळेने हरकत घेतलीच. नव्या संयोजकांनी सरांना बोलावलं. भरल्या मंडपात सर उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी लहानच होती. मोठी मी केली होती." मग दुरुस्तीचा आदेश पुढे ठेवला. हरकत निघाली.

सहाशे मीटरला छाया दुसरी आली. पहिल्या दोघी जिल्ह्याला जातात. देवकी मॅडमनी तिला उचलूनच घेतलं, आणि जानी रेषेबाहेर उभी राहून पदराने तोंड पुसत राहिली. सरांना फार आनंद झाला होता. ते मंडपाच्या खांबाला टेकून बसले.

तिथे एक काटक तरुण त्यांच्यापाशी आला. "गुरजी, वळखला नाय? मी पोश्या. जानीचा भाव. छायाचा मामा. बहिनीकडं ऱ्हाऊन तुमच्याच साळंत व्हतो." तो कासऱ्याकडच्या एका भट्टीवर विटा वाहायचा. खाडा करून भाचीची शर्यत बघायला आला होता.

"अरे पोश्या! तूही धावायचास ना? चांगला धावायचास."

"धावायचा ना. नववीत व्हतो तवा तालुक्याला आणला व्हता आमाला. तुमी माझा कागूद बघितला आन् बाद केला. सात महिने जास्त व्हतं." पोश्या हसत होता. त्याच्या मनात राग नव्हता, आणि राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. "मला वाटला, मीच मोठा आसन. लहानांच्या संगती धावतो म्हून माला लाजच वाटली. मंग सोरला धावना."

एक्याण्णवच्या जूनमधलं पान त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. तेही त्यांनीच लिहिलं होतं.

"पोश्या, तुझा जन्म खरा कधीचा रे?" त्यांनी विचारलं.

"नागपंचमीचा, आय सांगायची," पोश्या म्हणाला. "साल कंचा तां तिलाच ठाव व्हता. आय नाय आता." आणि छायाला हाका मारत तो मैदानात पळत गेला.